साडेतीन मीटरचा रस्ता आणि सायकलस्वाराची जागा

रस्त्यावर मोटारचालक सायकलस्वारावर चिडतो आणि सायकलस्वार मोटारचालकाला घाबरतो. राग आणि भीती यांचे हे नाते आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की त्यामागे काही कारण असेल, असे कोणाला वाटत नाही. ‘या सायकलवाल्यांना शिस्तच नाही’ ही एका बाजूची तक्रार. ‘मोठ्या गाडीवाल्यांना माणूस दिसतच नाही’ ही दुसऱ्या बाजूची. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. तरीही या भांडणाचे मूळ माणसांच्या स्वभावात शोधले, तर उपदेशापलीकडे हाती काही लागत नाही. ते रस्त्याच्या मापात शोधले, तर मात्र उत्तराची दिशा दिसू लागते. नागपूरला लागून असलेला पारशिवनी तालुका हे माप समजून घेण्यास उपयोगी पडेल.

एकाच रस्त्यावरचे अनेक प्रवाह

नागपूर-जबलपूर मार्ग कामठीनंतर कन्हान नदी ओलांडून पारशिवनी तालुक्यात शिरतो. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७. महामार्गांना २०१० मध्ये नवे क्रमांक मिळाले, तेव्हा तो श्रीनगर ते कन्याकुमारी या महामार्ग क्रमांक ४४ चा भाग झाला. कन्हान परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे विदर्भात ज्याला सारे ‘वेकोलि’ म्हणतात त्या कंपनीच्या, कोळसा खाणी आहेत. कन्हान आणि पेंच या नद्यांच्या पात्रातील रेती नागपूरच्या बांधकामांना जाते. तालुक्याच्या उत्तरेस पेंचचे जंगल आणि नवेगाव खैरीचे धरण आहे. नागपूरकरांच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा याच धरणातून येतो.

त्यामुळे या भागातील रस्त्यांवर निरनिराळे प्रवाह एकत्र वाहतात. कोळसा आणि रेती वाहणारे ट्रक व टिप्पर हा पहिला. सुटीच्या दिवशी पेंच, रामटेक, खिंडसीकडे निघालेल्या शहरी मोटारी हा दुसरा. आणि तिसरा स्थानिक माणसांचा: शाळेत निघालेली मुले-मुली, खाणीत पाळीवर जाणारा कामगार, हँडलला दुधाचे डबे अडकवून निघालेला गवळी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत भल्या पहाटे बांधावर पोहोचणारा शेतकरी. या तिसऱ्या प्रवाहाचे मोठे वाहन अजूनही सायकल हेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, आणि घराबाहेर कामाला जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. त्यानंतर दुचाकींची संख्या पुष्कळ वाढली. पण ज्याला पेट्रोल परवडत नाही आणि ज्याचे वय वाहन चालविण्याच्या परवान्याइतके झालेले नाही, त्याच्यापुढे आजही दुसरा पर्याय नाही.

येथे शहरातील वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सायकलस्वाराच्या अंगावर येणारा टिप्पर बहुधा आपल्याच घराची रेती घेऊन येत असतो, आणि कोळशाचा ट्रक आपल्याच दिव्याच्या सोयीसाठी धावत असतो. हा तंटा दूरच्या खेड्यातला खरा. पण त्यात आपण तिऱ्हाईत नाही.

मापाचा हिशेब

भारतातील रस्त्यांची मापे ठरलेली आहेत. एकपदरी रस्त्याचा डांबरी भाग ३.७५ मीटर, मध्यम रुंदीच्या रस्त्याचा ५.५ मीटर आणि दुपदरी रस्त्याचा ७ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस साडेतीन मीटर. वाहनांची कमाल रुंदीही नियमाने ठरलेली आहे. ट्रक २.६ मीटरपर्यंत रुंद असू शकतो. त्यात बाजूचे आरसे धरलेले नाहीत. सायकलचे हँडल अर्धा-पाऊण मीटरचे. पण सायकल सरळ रेषेत चालत नाही. चढावर, वाऱ्यात किंवा कॅरिअरवर ओझे असताना ती डोलते. म्हणून सायकलस्वाराला किमान एक मीटर जागा लागते.

आता बेरीज करून पाहा. साडेतीन मीटरमधून ट्रकचे २.६ मीटर वजा केले, की ०.९ मीटर उरतो. त्यात सायकलस्वारच मावत नाही, मग दोघांमधले सुरक्षित अंतर कोठून येणार? याचा सरळ अर्थ असा, की दुपदरी रस्त्यावर सायकलला ओलांडायचे तर ट्रकला समोरच्या बाजूत जावेच लागते. समोरून वाहन येत असेल, तर सायकलमागे थांबणे एवढाच पर्याय उरतो. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर तर स्थिती याहून बिकट. समोरासमोर आलेले दोन ट्रकच ५.२ मीटर व्यापतात. उरलेल्या एका फुटात सायकलस्वाराने कोठे जावे, याचे उत्तर कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसते.

चालक थांबत नाही, कारण मागून येणारा हॉर्न वाजवतो आणि फेऱ्यांच्या हिशेबावर त्याची कमाई ठरते. मग तो ‘काढून घेतो’. भार भरलेल्या तीन आसांच्या टिप्परचे अनुज्ञेय वजन २८.५ टन, सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून जेमतेम ८० किलो. वस्तुमानातले हे अंतर साडेतीनशे पटींचे आहे. धक्का लागण्याचीही गरज नसते. वेगाने जाणाऱ्या मोठ्या वाहनाने बाजूला ढकललेली हवा सायकल हलविण्यास पुरेशी असते.

‘हा बाजूला का होत नाही?’

मोटारचालकाच्या रागाचे सर्वांत मोठे कारण हेच, की हॉर्न वाजवूनही सायकलस्वार बाजूला होत नाही. गाडीच्या आसनावरून जे दिसत नाही, ते सायकलवरून दिसते. डांबर संपते तेथे मुरमाची साइडपट्टी सुरू होते. पावसाने ती खचलेली असते आणि डांबराच्या कडेला चार-सहा इंचांची पायरी तयार होते. मोटारीच्या रुंद टायरला ती जाणवतही नाही. सायकलचे अरुंद चाक मात्र तिच्यावरून घसरते आणि स्वार पडतो. तो डावीकडे पडला तर शेतात जातो, उजवीकडे पडला तर चाकाखाली. म्हणून शहाणा सायकलस्वार कडेपासून हातभर आत चालतो. चालकाला तो मुजोरपणा वाटतो, पण ती खबरदारी असते.

हॉर्नचा अर्थही दोघांना वेगळा लागतो. चालकाच्या लेखी हॉर्न म्हणजे ‘मी येत आहे’ ही सूचना. पाठीमागे डोळे नसलेल्या सायकलस्वाराला मात्र किती मोठे वाहन, किती वेगाने, किती अंतरावरून येत आहे, हे त्या कर्कश आवाजातून कळत नाही. दचकून मान वळविली की हँडलही त्याच बाजूस वळते, आणि ती बाजू नेमकी वाहनाची असते. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंदी घातली, ती हॉर्नच्या सवयीला आवर घालण्यासाठीच. पाट्यांवरची अक्षरे पुसता आली. सवय अद्याप पुसता आलेली नाही.

अंधारातले अडीच सेकंद

चालकांची बाजूही तितकीच ऐकण्याजोगी आहे. त्यांची मुख्य तक्रार अंधारातल्या, दिवा नसलेल्या सायकलींविषयी असते, आणि ती रास्त आहे.

समजा, रात्री ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे आणि पुढे सायकल ताशी १५ किलोमीटरने. दोघांमधले अंतर सेकंदाला साडेबारा मीटर या वेगाने कमी होत जाते. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर दिव्यामुळे गडद कपड्यातला सायकलस्वार ३० मीटरवर आल्यावर दिसला, तर चालकाच्या हाती २.४ सेकंद राहतात. दिसणे, उमजणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांत दीड सेकंद गेला, की उरतात जेमतेम ११ मीटर. एवढ्यात भरलेला ट्रक आवरत नाही. हीच सायकल रिफ्लेक्टरमुळे १५० मीटरवरून चमकली, तर चालकाला १२ सेकंद मिळतात. मरण आणि जगणे यांतला हा फरक काही रुपयांच्या लाल तुकड्यावर ठरतो.

नव्या सायकलींचे रिफ्लेक्टर ठरावीक मानकाचे असावेत, यासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेश काढला. पण गावात धावणारी सायकल नवी नसते. ती वडिलांकडून मुलाकडे आलेली असते. तिचा डायनॅमो निकामी झालेला असतो आणि मडगार्डवरचा लाल तुकडा कधीच पडून गेलेला असतो. हा बेफिकिरीचा भाग आहे, तसा गरिबीचाही आहे.

दुसरी तक्रार उलट दिशेने येणाऱ्या सायकलींची. चौपदरी मार्गावर दुभाजक आला, की पलीकडच्या शेतात जाण्यासाठी त्यातील मोकळी जागा गाठावी लागते. ती एक किलोमीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन दोन किलोमीटरचा वळसा पडतो. मोटारीला त्यासाठी दोन मिनिटे आणि थोडेसे इंधन लागते. सायकलस्वाराला दहा मिनिटे आणि स्वतःच्या पायांची ताकद. म्हणून तो उलट बाजूने जातो. ते चूक आहे आणि जिवावर बेतणारेही आहे. पण आराखडा आखताना स्थानिक माणूस रस्ता कोठे ओलांडतो हे कोणी विचारले असते, तर ही चूक इतक्या मोठ्या प्रमाणावर घडली नसती.

तिसरी गोष्ट आंधळ्या कोपऱ्याची. उंच केबिनमध्ये बसलेल्या ट्रकचालकाला डाव्या दाराच्या अगदी खालचा आणि पुढच्या बंपरलगतचा भाग दिसत नाही. चौकात थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून सायकल पुढे घुसली आणि ट्रक डावीकडे वळला, तर चालकाला ती दिसलेलीच नसते. शाळेतल्या प्रत्येक मुलाला एकदा उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवून हे दाखविले, तर दहा व्याख्यानांचे काम होईल.

कायद्याची बाजू

‘आम्ही रस्त्याचा कर भरतो, सायकलवाले काय भरतात?’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. एके काळी नगरपालिका सायकलवरही कर घेत आणि पावतीबरोबर धातूचा बिल्ला देत. जुन्या पिढीला तो आठवत असेल. आता तो कर नाही, सायकलला नोंदणी लागत नाही आणि परवानाही नाही. पण रस्ते केवळ वाहनकरातून बांधले जात नाहीत. त्यात सर्वसाधारण करांचाही पैसा असतो, आणि सायकल घेणाराही वस्तू व सेवा कर भरतोच. शिवाय सार्वजनिक रस्त्याचा हक्क कराच्या रकमेवर ठरत नाही. तसा तो ठरला असता, तर पादचाऱ्याला घराबाहेर पडता आले नसते.

२०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांच्या सुरक्षेची विशेष काळजी घेण्याचे बंधन चालकांवर घातले आहे. मात्र ही काळजी म्हणजे नेमके किती अंतर, हे तपासणाऱ्या पोलिसाला मोजता येईल अशा भाषेत सांगणारे देश वेगळे आहेत. फ्रान्स आणि स्पेनमध्ये वस्तीबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर राखावे लागते. जर्मनीने २०२० मध्ये वस्तीत दीड आणि वस्तीबाहेर दोन मीटर अशी मर्यादा ठरविली. ‘काळजी घ्या’ आणि ‘दीड मीटर सोडा’ या दोन सूचनांत फरक आहे. पहिलीचा भंग सिद्ध करणे कठीण, दुसरीचा सोपा.

आपल्याकडेही वाट अगदीच बंद नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने बिगरयांत्रिक वाहने आणि पादचारी यांच्या रस्तावापराबाबत नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. राष्ट्रीय महामार्गांबाबत त्यासाठी महामार्ग प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी लागते. वर्षे लोटली तरी राज्ये हालेनात, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हे नियम सहा महिन्यांत करण्याचे आदेश दिले. या नियमांत ओलांडण्याचे अंतर आकड्यात यावे, अशी मागणी नागरिकांनी लावून धरायला हवी.

अपघात झालाच, तर सायकलस्वाराच्या कुटुंबाला काही हक्क आहेत आणि ते गावोगावी माहीत असायला हवेत. धडक देणाऱ्या वाहनाच्या विम्यातून, ‘त्रयस्थ व्यक्ती’ म्हणून, त्यांना भरपाई मागता येते. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेत मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो. मे २०२५ मधील योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार नियुक्त रुग्णालयांत रोख न भरता मिळू शकतात. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, अशीही तरतूद कायद्यात आहे.

दोन प्रकारचे सायकलस्वार

गेल्या काही वर्षांत नागपूरच्या रस्त्यांवर हौशी सायकलस्वारांची नवी पिढी दिसू लागली आहे. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे पाच हजार किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली आणि शहरात या छंदाला बळ मिळाले. या मंडळींकडे हेल्मेट असते, पुढे-मागे दिवे असतात, चमकणारे जॅकेट असते. मुख्य म्हणजे त्यांच्याकडे आवाज असतो. त्यांच्यावर संकट आले, तर वृत्तपत्रे दखल घेतात.

गरजेपोटी सायकल चालविणाऱ्याकडे यातले काहीच नसते. त्याचा मृत्यू सरकारी अहवालातील आकडा होऊन राहतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक रस्त्यावर दगावले. त्यांत सुमारे ४,८०० सायकलस्वार होते, म्हणजे दररोज १३. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल देते. त्या सायकलीमुळे अनेकींचे शिक्षण टिकले. पण सायकल देणारा विभाग वेगळा आणि रस्ता बांधणारा वेगळा. मुलीला सायकल मिळते, आणि तिच्या शाळेपर्यंतच्या वाटेवर तिला जागा आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. घाबरलेल्या आईबापांनी सायकल घरी ठेवली, तर त्या मुलीच्या शाळेचे काय होते, हे सांगायला नको.

वाघासाठी पूल, माणसासाठी काय?

रस्ता समंजसपणे बांधता येतो, याचा पुरावा शोधण्यास दूर जावे लागत नाही. याच महामार्गावर पुढे, मनसर ते खवासा या टप्प्यात पेंचचे जंगल आडवे येते. चौपदरीकरणावरून तेथे दीर्घकाळ वाद चालला. अखेर वन्यजीवांना ये-जा करता यावी म्हणून रस्ता उचलून त्याखाली लहान-मोठे नऊ मार्ग ठेवण्यात आले. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांनी या मार्गांवरून जाणारे वाघही टिपले. प्राणी कोठून ओलांडतात हे आधी पाहिले गेले, मग रस्ता बांधला गेला. जे शहाणपण वाघासाठी दाखविले, ते शाळेच्या मुलीसाठी दाखविण्यास हरकत कोणती?

तांत्रिक मार्गदर्शनाचाही तुटवडा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्येच सांगून ठेवले होते, की तासाला दोनशेहून अधिक मोटारी जाणाऱ्या मार्गावर गर्दीच्या वेळी शंभर सायकली असतील, तरी स्वतंत्र सायकल मार्ग योग्य ठरतो. अडचण एवढीच, की त्यासाठी आधी सायकली मोजाव्या लागतात.

शहरांचा अनुभव सावध करणारा आहे. केंद्राच्या २०२० च्या सायकल स्पर्धेत नागपूर पुढे अकरा निवडक शहरांत आले. रस्त्यावर पट्टे रंगविले गेले. पण रंगाचा पट्टा मोटारीला अडवीत नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकल मार्गिका बांधली. तेथे वाहने उभी राहू लागली, आणि २०२५ मध्ये मोटारींना जागा देण्यासाठी ती काढण्याचा निर्णय झाला. याउलट नेदरलँड्स. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात सुमारे ३,३०० जण रस्त्यावर मरण पावले, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘बालहत्या थांबवा’ या नावाने पालक रस्त्यावर उतरले. पुढच्या काही दशकांत तेथे एक तत्त्व रुजले: जेथे वेग जास्त, तेथे सायकल वेगळी, जेथे सायकल आणि मोटार एकत्र, तेथे मोटारीचा वेग ताशी ३० किलोमीटर. डच लोक जन्मतः सभ्य नव्हते. रस्त्याने त्यांना सभ्य केले.

काय करता येईल?

पारशिवनीसारख्या तालुक्यासाठी नेदरलँड्सइतका खर्च अपेक्षित नाही. साइडपट्ट्या डांबराच्या पातळीवर आणून पक्क्या करणे, शाळा व बाजाराजवळ वेग आवरणे, शाळा भरण्या-सुटण्याच्या तासात अवजड वाहतूक रोखणे, दुभाजकातील वाटा गावकऱ्यांना विचारून ठेवणे आणि प्रत्येक जुन्या सायकलीला रिफ्लेक्टर लावून देणे, ही कामे जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, बांधकाम विभाग आणि ग्रामपंचायती यांच्या आवाक्यातली आहेत. खनिजाच्या उत्पन्नातून बाधित भागासाठी ठेवला जाणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी अशा कामांकडे वळविता येतो का, हेही पाहायला हवे. रस्ता झिजविणारा माल त्याच भागातून जातो.

मोटारचालक म्हणून आपल्याला मात्र कोणत्याही निधीची वाट पाहावी लागत नाही. पुढे सायकल दिसली की वेग कमी करणे, समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत मागे थांबणे, आणि ओलांडताना ती एखादी मोटार आहे असे समजून पूर्ण बाजू सोडणे, एवढे पुरे. यात जातात दहा-पंधरा सेकंद. पेंचच्या वाटेवर ती कोणालाही जड होऊ नयेत. आणि रस्ता रुंद करण्याची पुढची घोषणा होईल, तेव्हा किती मोटारी वाढतील याबरोबरच आज त्यावरून किती सायकली जातात, हेही विचारायला हवे. ज्याची मोजदाद होत नाही, त्याला रस्त्यावर जागा मिळत नाही.